चालतंय ना, मग?

प्रोजेक्टच्या दिवसांत हॉस्टेलवर हमखास ऐकू येतं, "डेटाशीटवाले घाबरूनच लिहितात रे!" एलएम३१७ घ्या. आउटपुट १.२५ ते ३७ व्होल्ट. आपल्याला १२ व्होल्टच्या तीन बॅटऱ्या सिरीजमध्ये चार्ज करायच्या, म्हणजे हवेत ४१.४. पॉट फिरवायचा, मीटरवर ४१.४ दिसले की चहाला!

आणि चालतंही. या आयसीला ग्राउंडची पिनच नाही. त्याला कळतो फक्त इनपुट-आउटपुटमधला फरक. इनपुट ४६ असेल तर फरक पाचाच्या आत, मर्यादा ४०ची. ३७ हा आकडाही तिथूनच आलाय: ४० वजा आयसीला लागणारे तीनेक.

पण आउटपुटची वायर शॉर्ट झाली की सगळे ४६ आयसीवर. आतलं संरक्षण ४०च्या पुढे भरवशाचं नाही. त्यात हा चार्जर जाणार शिरूर-दौंडकडच्या एखाद्या वस्तीवर. तिथे शेतातल्या मोटारी चालू असताना व्होल्टेज पडतं, बंद झाल्या की चढतं. २३०चे २५० झाले की आपले ४६ होतात ५०. लॅबमध्ये हे दिसत नाही, व्हायवाला कोणी विचारत नाही. आयसी आतून शॉर्ट झाला तर ते ५० थेट बॅटऱ्यांवर, आणि बंद खोलीत रात्रभर हायड्रोजन!

एलएम३१७एचव्ही ५७ व्होल्ट देतो, फरक ६०चा सोसतो. तपकीर गल्लीत नाहीच मिळाला तर दुसरं सर्किट करा. आणि सर, सही करण्याआधी एकदा आउटपुट शॉर्ट करून स्विच टाकायला सांगा.