डेकोरेटर : सजावट की पाटीबदल?

पायथन शिकणाऱ्या कोणत्याही विद्यार्थ्याला 'डेकोरेटर म्हणजे काय?' असे विचारावे. 'मूळ फंक्शनला हात न लावता त्यात भर घालणारे फंक्शन' हे उत्तर तो एका दमात देईल आणि त्याला गुणही पूर्ण मिळतील. माझी तक्रार या उत्तराविरुद्धच आहे. ते खोटे नाही. पण ते पाठ करून काहीही उलगडत नाही.

फिबोनाची श्रेणीतील संख्या काढणारे, स्वतःलाच पुन्हा पुन्हा हाक मारणारे 'फिब' हे फंक्शन आपण सर्वांनी प्रयोगवहीत उतरवले आहे. ३५वी संख्या काढताना त्याला एकूण २,९८,६०,७०३ हाका जातात. त्याच्या डोक्यावर 'एलआरयू कॅश' या डेकोरेटरची एक ओळ लिहा. प्रत्यक्ष हिशेब आता अवघ्या ३६ वेळा होतो. मूळ फंक्शनला हात लावला नाही ना? मग त्याच्या पोटातल्या हाका कुणी अडवल्या?

आता तोच डेकोरेटर वापरा, पण तयार झालेले फंक्शन 'जलदफिब' अशा वेगळ्या नावाने ठेवा. जलदफिबला ३५ द्या. पुन्हा कोट्यवधी हाका! कारण आतली ओळ 'फिब'ला हाक मारते, आणि त्या नावाची पाटी अजून जुन्याच फंक्शनवर आहे. पहिल्या वेळी पाटी नव्या फंक्शनवर गेली होती. जुने बिऱ्हाड आतल्या खोलीत, दारात नवा माणूस; मग घरातल्यांनी त्या नावाने मारलेली हाकसुद्धा आधी दारातल्यालाच ऐकू जाणार.

'अॅट' चिन्हाची ही सुटसुटीत ओळ २००४ साली, पायथनच्या २.४ या आवृत्तीत आली. त्यापूर्वी फंक्शन संपल्यावर खाली स्पष्ट लिहावे लागे : फिब बरोबर कॅश, कंसात फिब. ही जुनी ओळ रुक्ष खरी, पण प्रामाणिक. पाटी कुठून निघाली नि कुठे लागली, हे ती लपवत नाही. 'डेकोरेटर' हे नाव योग्य नाही अशा तक्रारी खुद्द त्या वेळच्या प्रस्तावातही नोंदवलेल्या आहेत.

म्हणून प्राध्यापकांना नम्र सूचना : पहिले पंधरा दिवस विद्यार्थ्यांकडून ती जुनी ओळच लिहून घ्यावी. आणि परीक्षेत व्याख्या न विचारता, फिब जलद होतो पण जलदफिब का होत नाही, हे विचारावे. असली उत्तरे तपासायला वेळ फार लागतो, हे मला मान्य आहे.