फळी घरची, सुटका विकतची

पतंगाच्या ओढीने किनाऱ्यावर पळवायच्या चाकांच्या बोर्डाचे आराखडे वाचक पाठवतात, त्यांत एक गोष्ट हटकून दिसते. फळीचा आकार, तिचा बाक, वरचा खरखरीत कागद, रंग यांवर पानभर मजकूर असतो आणि चाकांबद्दल तळाशी एक ओळ : ‘ट्रॉलीची हवेची चाके, चार नग.’ किनाऱ्यावर आधी मोडतो तो नेमका या ओळीतला माल.

ट्रॉलीच्या चाकावर ओझे वरून येते. पतंग ओढतो तो आडवा. ज्या माउंटनबोर्डाची आपण नक्कल करतो तोही 1990च्या दशकाच्या सुरुवातीला, बर्फ नसलेल्या दिवसांत डोंगरउतारावरून खाली सुटण्यासाठी घडला. उतारावर वजन फळीवर असते. पतंगाला धरून मागे रेललेल्या माणसाचा सगळा जोर टाचांतून चाकांवर आडवा पडतो, आणि प्लास्टिकचा हब बेअरिंगच्या बैठकीपाशी तडकतो. तेव्हा आराखडा चाकापासून वर काढत जावा, फळी शेवटी यावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

12 मिलिमीटरचा ॲक्सल घेतलात तर 6001 क्रमांकाचे बेअरिंग त्यावर चपखल बसते. प्रत्येक चाकात दोन, शक्य तितकी लांब-लांब, आणि मधे बुश. हा बुश बहुतेक जण गाळतात. मग नट आवळला की बेअरिंगच्या आतल्या कड्या एकमेकींकडे दाबल्या जाऊन चाक अडते. नट सैल केला की चाक डुगडुगते आणि आडव्या ओढीला हब आणखी लवकर जातो. कोणताही टर्नर लेथवर हा बुश चुटकीसरशी काढून देईल. त्याला लांबी मात्र मोजून द्या, अंदाजाने नको. बेअरिंग पत्र्याच्या झाकणाचे नको, दोन्ही बाजूंना रबरी सील असलेले, म्हणजे 2RS, मागा. तरीही खारे पाणी आत शिरणारच. प्रत्येक वेळी गोड्या पाण्याने धुवा आणि बेअरिंग ही बदलत राहण्याची वस्तू आहे असे धरून चाला. ॲल्युमिनियमच्या हबात स्टेनलेसचा बोल्ट कोरडा बसवलात, तर मोसम संपेपर्यंत तो असा धरून बसेल की कापूनच काढावा लागेल. ग्रीसचा हात फिरवायला कितीसा वेळ लागतो?

ट्रक (ॲक्सल फळीला धरणारा जोड) बसवताना पुढचा आणि मागचा एकमेकांच्या आरशातले हवेत. दोन्ही एकाच दिशेने बसवले, तर झुकल्यावर बोर्ड वळणार नाही, तिरका सरकेल. माउंटनबोर्डावर साधारण 35 अंशांचा कोन रूढ आहे. किनाऱ्यावर लांब सरळ धावा घ्यायच्या असल्याने तो थोडा कमी ठेवलेला बरा. वेगात बोर्ड थरथरत नाही. फळीसाठी आयएस 710चा मरीन प्लाय, 6 मिलिमीटरचे दोन थर, साच्यावर इपॉक्सीने चिकटवलेले. पुरे झाले.

एवढी खटपट घरी करण्याचे कारण आपली वाळू. दापोलीजवळच्या कर्दे-मुरुडची सपाट, घट्ट वाळू 200×50च्या लहान टायरलाही पेलते. उतरत्या, भुसभुशीत पुळणीवर तोच टायर रुतून बसतो. तिथे मोठे चाक आणि कमी हवा लागते. विकतचा बोर्ड बनवणाऱ्याने आपला किनारा पाहिलेला नसतो. किनारा कधी मोकळा होतो, हे तर कोकणातल्या कोणालाही विचारावे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ : पौर्णिमेला किंवा अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे पूर्ण ओहोटी संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास. फेब्रुवारी ते मे या काळात वायव्येचे खारे वारे दुपारनंतर भरात येतात, त्याच वेळी उधाणाच्या ओहोटीने ओल्या घट्ट वाळूचा पट्टा सर्वांत रुंद झालेला असतो. अष्टमीला हिशेब उलटतो. भरती सहाला, वारा चांगला असताना पाणी तुम्हाला मऊ वाळूकडे ढकलत येते. ते दिवस लेथवाल्याकडे जाण्याचे. भरतीच्या रेषेच्या वर तर चाक न्यायचेच नाही. वेळास, आंजर्ले येथे हिवाळ्यापासून ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी त्याच वाळूत असतात.

आता आमचा आग्रह. फळी, ट्रक, बुश, पायांचे पट्टे, सगळे घरी करा. पट्ट्यांतून पाय झटकन निघाला पाहिजे आणि बोर्ड दोरीने पायाला बांधायचा नाही. पडल्यावर तो तुमच्यापासून दूर गेलेलाच बरा. पण पतंग आणि कमरेचा पट्टा यांच्या मधली सुटका, म्हणजे अडचणीत पतंग सोडून देणारी कळ, घरी करू नका. गिर्यारोहणाचा कॅराबिनर, बोटीचा शॅकल, वेल्डिंग करून घेतलेली खिटी ही सगळी हातात घेऊन पाहताना छान उघडतात. पतंग पूर्ण ताणात असताना, एका हाताने, घाबरलेल्या माणसाकडून त्यांतले बरेचसे उघडत नाही. या कामासाठी आयएसओ 21853 हे मानक आहे. त्यानुसार तपासलेली सुटका विकत घ्या, आणि पैसे कमी पडत असतील तर बोर्ड पुढच्या वर्षी करा. जमिनीवर फळीला ब्रेक नसतो, खाली आपटायला पाणीही नसते. आणि ताणलेल्या वीसेक मीटर दोऱ्यांपुढे फक्त आपणच नसतो. संक्रांतीच्या मांजाने गळे कापलेले आपण दरवर्षी वाचतो. शनिवारी-रविवारी पर्यटकांनी भरलेल्या किनाऱ्यावर पतंग उभारणाऱ्याला वेगळे काही सांगायला नको.

घरगुती सुटका दाखवणारे आराखडे या अंकापासून आम्ही छापणार नाही, मग बाकीचा बोर्ड कितीही देखणा असो. त्याऐवजी मोडलेल्या भागांची छायाचित्रे पाठवा : तडकलेले हब, वाकलेले ॲक्सल, गंजून जाम झालेली बेअरिंग. सोबत ॲक्सलची जाडी, टायरचे माप, किनाऱ्याचे नाव आणि तिथी लिहा. पुढच्या अंकात दोन पाने त्यांच्यासाठी राखून ठेवली आहेत.