संत ऑगस्टीन व ती अनाम स्त्री



सन 2024 च्या डिसेंबरात संत फ्रान्सिस झेवियर ह्यांच्या पवित्र अवशेषांच्या दर्शनासाठी आम्ही उभयता खानापूर तालुक्यातील आमच्या गावाहून जुन्या गोव्यास गेलो होतो. दर्शन आटोपल्यावर जवळच्या टेकडीवरील संत ऑगस्टीनच्या संघाचे पडके ख्रिस्तमंदिर पाहावयास आम्ही चढलो. ह्या संघाचे धर्मबंधू 1572 साली गोव्यास आले आणि त्यांचे ते भव्य मंदिर 1602 साली पूर्ण झाले. आज त्याचा सुमारे 46 मीटर उंचीचा एकच मनोरा, तोही अर्धा, उभा आहे. त्यातील मोठी घंटा आता पणजीच्या निष्कलंक गर्भसंभव मातेच्या मंदिरात आहे. ही सर्व माहिती मी पत्नीस मोठ्या हौसेने सांगत, नेहमीप्रमाणे तिच्या चार पावले पुढे चालत होतो. उत्तर येईना म्हणून मागे वळून पाहतो, तो ती खाली एका दगडावर बसलेली.

“पाय दुखतात काय?” मी विचारले.

“अहो, दोन वर्षे झाली गुडघे दुखताहेत,” ती शांतपणे म्हणाली. “रोज रात्री जपमाळेनंतर आजाऱ्यांसाठी प्रार्थना तुम्हीच सांगता. त्या आजाऱ्यांत मी आहे की नाही, हे मात्र मला कधी कळले नाही.”

तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मी काही तरी उत्तर दिले असते. मी तिच्याशेजारी बसलो. घंटा पणजीत आणि मनोरा जुन्या गोव्यात, तशीच माझी गत झाली होती. प्रार्थनेचा आवाज एकीकडे घुमत होता आणि घर दुसरीकडे ओकेबोके उभे होते.

ज्या संताच्या नावाचा तो संघ, त्याचे चरित्र मला तेथेच आठवले. ऑगस्टीनचा जन्म 354 साली उत्तर आफ्रिकेतील तागास्ते गावी, म्हणजे आजच्या अल्जीरिया देशात झाला. शिक्षणासाठी तो कार्थेज शहरी गेला असता तरुणपणीच एका स्त्रीशी त्याचा संबंध जडला. विधिपूर्वक विवाह झाला नाही, तरी दोघांनी अनेक वर्षे एकत्र संसार केला. त्यांस पुत्र झाला. त्याचे नाव अदेओदातुस, म्हणजे देवाने दिलेला. पुढे ऑगस्टीन मिलान शहरी वक्तृत्वशास्त्राचा अध्यापक झाला. प्रतिष्ठा वाढली, तेव्हा त्या प्रतिष्ठेला शोभेल अशा घराण्यातील मुलगी पाहण्यात आली. ती लग्नाच्या वयाची होण्यास दोन वर्षांचा अवधी होता. ह्या खटपटीत त्याची माता संत मोनिका हिचाही पुढाकार होता. विवाह झाला की पुत्र बाप्तिस्मा घेईल, अशी त्या माउलीची आशा होती. परंतु सोयरिकीच्या आड येते म्हणून त्या पहिल्या स्त्रीस आफ्रिकेस परत पाठविण्यात आले. पुत्रास पित्यापाशी ठेवून आणि पुन्हा कोणा पुरुषाचा संग न करण्याचा नवस देवास बोलून ती निघून गेली. ऑगस्टीनने मात्र दोन वर्षेही धीर धरला नाही व दुसरीच एक स्त्री जवळ केली.

हे सर्व आपणांस कोणा निंदकाकडून कळलेले नाही. बिशप झाल्यावर सन 397 च्या सुमारास लिहावयास घेतलेल्या ‘कन्फेशन्स’ ह्या आत्मनिवेदनपर ग्रंथात त्याने ते स्वतःच सांगितले आहे. तिच्या वियोगाने आपले हृदय कसे जखमी झाले व ती जखम कशी चिघळली, हेही त्याने लपविले नाही. मात्र तिचे नाव त्याने कोठेही लिहिले नाही.

पुष्कळ भाविक समजतात की वासना हीच अध्यात्माची वैरीण आहे आणि तिला दडपले की माणूस पवित्र झाला. परंतु स्त्रीपुरुषांची ओढ देवानेच निर्माण केली असून ख्रिस्तसभेने विवाहास पवित्र संस्कार मानले आहे. तर मग ऑगस्टीनचा दोष कोणता? सन 401 च्या सुमारास विवाहाच्या चांगुलपणावर लिहिलेल्या ग्रंथात त्याने एक उदाहरण घेतले आहे. मानाने किंवा धनाने बरोबरीची दुसरी मिळेपर्यंत जो पुरुष एका स्त्रीस जवळ ठेवतो, तो मनाने व्यभिचारीच होय, आणि तो अपराध जिच्याबरोबर तो राहतो तिच्याविरुद्धच घडतो, असा निर्णय त्याने दिला. ती स्त्री मात्र त्याच्याशी एकनिष्ठ राहिली तर पुष्कळ विवाहितांहून श्रेष्ठ ठरेल, असेही तो म्हणतो. ते लिहिताना त्याच्या डोळ्यांपुढे कोण उभी असेल, हे काय सांगावयास हवे!

म्हणजे ओढ हे पाप नव्हते. समोरच्या जिवंत माणसास ‘तोवर’ची सोय समजणे हे पाप होते. आपल्या गावीही मुलाची नोकरी आणि मुलीकडचे सोने पाहून सोयरिकी ठरतात. त्यातही हेतू चांगलाच असतो. परंतु चांगल्या हेतूने दिलेली जखम काही कमी दुखत नाही.

सन 387 च्या पास्काच्या रात्री बिशप अॅम्ब्रोज ह्यांच्या हस्ते ऑगस्टीनने बाप्तिस्मा घेतला. त्याच वेळी त्याच्याबरोबर अदेओदातुसचाही बाप्तिस्मा झाला. पुढे पितापुत्रांच्या संवादाच्या रूपाने त्याने एक ग्रंथ रचला आणि त्यात पुत्राच्या तोंडी घातलेले विचार खरोखर त्या पुत्राचेच होते, असे आवर्जून नमूद केले. पुत्र अल्पवयातच वारला. परंतु पित्याने त्याचे म्हणणे ऐकून घेतले होते. परिवर्तनाची ही खूण मला फार मोठी वाटते.

माझ्या हातून ऑगस्टीनसारखे पाप घडले नाही, ह्याचा मला अभिमान होता. त्या दगडावर बसल्यावर तो गळाला. मी पत्नीस कधी टाकले नाही, पण पाहिलेही नाही. पगार घरी आणला, मिस्सा चुकविली नाही, आणि तेवढ्यावर प्रेम झाले असे समजलो. देवापुढे गुडघे टेकताना शेजारचे गुडघे दुखतात हे ज्यास दिसत नाही, त्याची प्रार्थना ही देवाला भेटण्याची जागा नसून माणसापासून लपण्याची जागा होय.

त्या दिवशी टेकडी आम्ही हळूहळू, बरोबरीने उतरलो. पुढच्या आठवड्यात तिला बेळगावास डॉक्टरांकडे नेले. आता जपमाळेपूर्वी आम्ही थोडा वेळ ओसरीवर बसतो. पहिले काही दिवस काय बोलावे हे मला सुचेना, इतके आम्ही अपरिचित झालो होतो. आता ती बोलते आणि मी ऐकावयास शिकत आहे. आजाऱ्यांच्या प्रार्थनेत मी तिचे नाव मोठ्याने घेतो.

वाचकहो, आज रात्री माळ हाती घेण्यापूर्वी आपल्या शेजारी बसलेल्या माणसाकडे एकदा पाहावे, आणि विचारावे, “तुला काय होते आहे?” उत्तर येईपर्यंत थांबावे. माळ थोडी उशिरा सुरू झाली तरी पवित्र माता रागावणार नाही.