खांदा आखडला? साखर तपासा

ब्लाउजचा हूक लावायला हात पाठीमागे जात नाही. केस विंचरताना तो कानापाशीच अडतो. फडताळातल्या वरच्या खणातला डबा काढायला मुलाला हाक मारावी लागते. चाळिशी-पन्नाशीतल्या कितीतरी बायका हे दुखणं महिनोन्‌महिने अंगावर काढतात आणि घरचे ‘आता वय झालं’ म्हणून विषय संपवतात. हे चुकीचं आहे. या दुखण्याच्या मुळाशी अनेकदा मधुमेह असतो.

खांद्याइतका मोकळा सांधा शरीरात दुसरा नाही. दंडाच्या हाडाचा माथा गोल आणि मोठा. तो ज्यात फिरतो ती फऱ्यावरची खोबण मात्र बशीसारखी उथळ. हात पूर्ण वर जातो तेव्हा १८० अंशांपैकी सुमारे १२० अंश हा सांधा देतो, उरलेले ६० फरा बरगड्यांवरून सरकल्यामुळे मिळतात. हाडांचा आधार इतका तोकडा, की सगळी भिस्त स्नायूंवर आणि सांध्याभोवतीच्या पातळ आवरणावर. हे आवरण सुजून, जाड होऊन आकसलं की खांदा जखडतो. बोस्टनचे शल्यविशारद अर्नेस्ट कॉडमन यांनी १९३४ मध्ये त्याला ‘फ्रोझन शोल्डर’ म्हटलं.

कोपर कमरेला टेकवून पंजा बाहेर वळवून बघावा. दुसऱ्याने धरून वळवला तरी वळत नसेल आणि एक्स-रेत काही दिसत नसेल, तर बहुधा हेच.

मधुमेहींमध्ये हा आजार इतरांपेक्षा कितीतरी अधिक आढळतो, थायरॉइडच्या रुग्णांमध्येही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीनुसार देशात मधुमेही १० कोटींवर आहेत आणि अनेकांना आपल्याला तो असल्याचा पत्ताच नसतो. म्हणून खांदा आखडलेल्या प्रत्येकाच्या चिठ्ठीवर एक्स-रेबरोबर साखरेची तपासणी असलीच पाहिजे. ती नसेल, तर रुग्णाने स्वतः मागावी. खांद्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलं की मधुमेहींची साखर काही दिवस वाढते, तेव्हा मधुमेह आधी कळलेला बरा.

खांदा हळूहळू सुटतो, पण त्याला वर्ष-दोन वर्षं, कधी अधिकही लागतात. हात गळ्यात बांधून ठेवणं किंवा कुणाकडून हिसका मारून घेणं, दोन्ही घातक. फिजिओथेरपिस्टने शिकवलेले व्यायाम रोज, सोसेल तितकेच करावेत.

तिशीपुढच्या प्रत्येकाची साखर सरकारी आरोग्य केंद्रात तपासली जाते. घरातल्या कुणाचा हात वर जाईनासा झाला असेल, तर या आठवड्यातच त्या व्यक्तीला तिथे घेऊन जा.