झाडे तोडणाऱ्याची मजुरी

दक्षिण आफ्रिकेत १९९५ साली, कादर अस्मल पाणीमंत्री असताना, ‘वर्किंग फॉर वॉटर’ हा कार्यक्रम सुरू झाला. झऱ्यांचे पाणी पिणारे परदेशी वृक्ष तोडावयाचे आणि त्या कामावर बेकारांस लावावयाचे, ही कल्पना स्तुत्यच होय. त्यांतील काळी वॅटल, आपल्या बाभळीची ऑस्ट्रेलियन बहीण, कातडे कमावण्याच्या सालीसाठी लावली गेली. नफा मळेवाल्यांनी नेला. निस्तरणे दुर्गम खोऱ्यांतील गरिबांकडे आले.

काम जिवावरचे. उभ्या चढणीवर करवत चालवावयाची, बुंध्यास तत्काळ विषारी औषध लावावयाचे. बी जमिनीत वर्षानुवर्षे जिवंत राहते, म्हणून त्याच उतारावर पुन्हा पुन्हा जावे लागते.

आणि दाम? जानेवारी २०१९ मध्ये तेथे राष्ट्रीय किमान वेतन लागू झाले: सर्वसाधारण कामगारास तासाला २० रँड, सरकारी रोजगार योजनेतील मजुरास ११. शेतमजूर व घरकामगार २०२२ पर्यंत बरोबरीस आले. त्या वर्षी सर्वसाधारण दर २३.१९, योजनेतील मजुराचा १२.७५.

दर वाढविल्यास कमी लोकांना काम मिळेल, असे याचे समर्थन केले जाते. अर्थशास्त्र शिकविताना हा युक्तिवाद मी पुष्कळ ऐकला. त्यात सरकारी तरतुदीचा आकडा जणू निसर्गनियम मानलेला असतो! आपल्याकडे १९८३ साली, राजस्थानातील दुष्काळी कामांच्या खटल्यात, न्या. भगवतींनी किमान वेतनाहून कमी मजुरीस घटनेच्या २३व्या कलमाखालील वेठबिगार म्हटले होते. २०१८ साली नळ कोरडे पडण्याच्या भीतीने केपटाउन हादरले. तेथील धनिक वस्त्यांच्या व बागायतदारांच्या पाणीपट्टीतून या मजुरांचे उरलेले रँड का वसूल होऊ नयेत?