चाकांवरची वारी

आषाढी एकादशी जवळ आली की दिंडोशीच्या घराघरांतही पंढरीची ओढ जागी होते. पालखीबरोबर जवळजवळ तीन आठवडे पायी चालण्याएवढी रजा ज्यांना मिळत नाही, त्यांपैकी काही भाविक आता सायकलवरून निघतात. नाशिकच्या सायकलस्वारांनी ही प्रथा दहाहून अधिक वर्षे चालविली आहे. उपक्रम स्तुत्य आहे; परंतु पूर्वतयारीवाचून ‘विठ्ठल नेईल’ म्हणत निघणे म्हणजे आपला आळस देवाच्या माथी मारणे होय.

दिंडोशीहून पंढरपूर ३५० किलोमीटरांहून दूर आहे. द्रुतगती मार्गावर सायकलीस मज्जाव. म्हणून जुन्या रस्त्याने, पावसात बोरघाट चढावयाचा, आणि दुसऱ्या दिवशी दुखऱ्या अंगाने पुन्हा निघावयाचे. यासाठी दोन-तीन महिने आधी आरंभ हवा. आरे वसाहतीच्या चढउतारांवर आठवड्यातून तीनदा जावे, अंतर हळूहळू वाढवावे, शनिवार-रविवारी लागोपाठ लांबचा पल्ला गाठावा, एक दिवस पूर्ण विश्रांती घ्यावी. पंक्चर काढावयास शिकावे. लांबच्या पल्ल्याच्या दिवशी निर्जळी उपवास करू नये.

दीर्घकाळ, अखंड आणि आदराने केलेलाच अभ्यास दृढ होतो, असे पतंजलींचे सांगणे आहे. घाटात कोसळणारा सोबत्यांचीही वारी अडवितो. ज्यांची तयारी झालेली नाही, त्यांनी यंदा एस.टी.ने जावे आणि पुढील वर्षाचा संकल्प आजच सोडावा. युगानुयुगे विटेवर उभा असलेला तो पांडुरंग आणखी एक वर्ष आपली वाट पाहील.