जन्म ही शिक्षा नव्हे



आपण दीक्षा घेतली, श्राद्धपक्ष सोडला. परंतु ‘रक्तातच आहे’ हा शब्द अद्याप आपल्या घरातून गेलेला नाही. आता खेड तालुक्यातही नवी कुजबुज ऐकू येते की, पूर्वजांचे भोग संततीच्या शरीरात उतरतात असे विज्ञानच सांगते, म्हणजे पूर्वसंचित खरे ठरले! हा युक्तिवाद तपासणे आपले कर्तव्य आहे.

शरीराच्या जवळजवळ प्रत्येक पेशीत जनुकांचा संच तोच असतो. पण कोणते जनुक केव्हा कामाला लागावे याचे नियमन होत असते. कायद्याचे पुस्तक प्रत्येक न्यायालयात तेच असते, लागू होणारे कलम मात्र प्रकरणागणिक निराळे. तसेच हे होय. या नियमनात डीएनएवरील मिथाइल नावाच्या रासायनिक खुणांचा वाटा असतो, आणि त्या खुणांसाठी शरीराला बी-१२ जीवनसत्त्व व फोलेट लागते.

१९९३ साली पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील मातांचा अभ्यास आरंभिला. तेथील पूर्ण दिवसांच्या बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले. इंग्लंडमधील साउदम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. ज्या मातांच्या रक्तात बी-१२ कमी व फोलेट अधिक होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षीच मधुमेहाकडे नेणारी लक्षणे अधिक आढळली, असे २००८ साली प्रसिद्ध झाले. हॉलंडमध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मनांच्या नाकेबंदीने उपासमार झाली. तेव्हा गर्भात आलेल्यांच्या एका जनुकावरील खुणा, साठ वर्षांनंतरही, त्यांच्या भावंडांहून कमी भरल्या.

आता विचार करा. हॉलंडच्या त्या बालकांनी कोणते पाप केले होते? खूण उमटविली ती नाकेबंदीने. पूर्वसंचित सांगते, भोगल्यावाचून सुटका नाही. विज्ञान कारण दाखविते, आणि कारण दूर करता येते. तथागतांनी शिकविलेली दृष्टी हीच. शिवाय अशा खुणा माणसात पिढ्यान्‌पिढ्या उतरतात, हे सिद्ध झालेले नाही. तेव्हा ‘यांच्या रक्तातच दुबळेपणा आहे’ असे कोणी म्हणेल, तर तो चातुर्वर्ण्यच नव्या पोशाखात आणीत आहे असे समजा. वंशशुद्धीच्या नावाने जातीचे समर्थन करणाऱ्यांना बाबासाहेबांनी १९३६ सालीच निरुत्तर केले आहे.

परंतु आपल्या घरातील नाकेबंदीचे काय? गर्भवती सून सर्वांच्या मागून जेवते, आणि मासळीचे कालवण तिच्या वाट्याला उरेलच असे नाही. बी-१२ मासळी, अंडी, मांस व दूध यांतून मिळते. तिचे ताट प्रथम वाढा. दवाखान्यातील लोह-फॉलिकच्या गोळ्या बंद करू नका. बी-१२ ची तपासणी मात्र डॉक्टरांना विचारून करून घ्या.

उरला सरकारचा भाग. पोषणमान उंचावणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य आहे, असे संविधानाचे ४७ वे कलम सांगते. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने गरोदरपणात व प्रसूतीनंतर सहा महिने अंगणवाडीतून मोफत आहार मिळण्याचा हक्क दिला आहे. तो मिळत नसेल, तर जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज करा व पोच घ्या.

ही भीक नव्हे, हक्क आहे. दैवाला दोष देणारा हात अर्ज लिहू लागेल, तेव्हाच आपली दीक्षा पुरी होईल.

जय भीम!